शिनागावाची फाइल

टोकियोत राहणाऱ्या परदेशी माणसाचं शिनागावाचं, म्हणजे व्हिसाचं, काम खरं तर १ जानेवारीलाच सुरू होतं. त्या तारखेला तुमचा पत्ता ज्या वॉर्डात असेल, त्याच वॉर्डाला त्या वर्षीचा रहिवासी कर भरायचा आणि कराचा दाखलाही तिथूनच घ्यायचा, असा जपानी नियम आहे. मार्चमध्ये एदोगावा सोडून कावासाकीला बिऱ्हाड हलवलं, तरी ऑक्टोबरात दाखल्यासाठी एदोगावाचंच दार वाजवावं लागतं. कावासाकीच्या खिडकीवरची बाई कमरेत वाकून, अतिशय गोड आवाजात सांगते की तुमची नोंद आमच्याकडे नाही. नव्या वर्षाचा दाखला निघायला जून उजाडतो. काढून ठेवावा म्हणाल, तर जपानी दाखला तीन महिन्यांत शिळा होतो. नव्याने आलेल्याला हे सगळं कटकटीचं वाटतं. दहा वर्षं काढलेल्याला ते पाठ असतं, पंचांगातल्या एकादशीसारखं.

शिनागावा म्हणजे इथल्या मराठी बोलण्यात इमिग्रेशनचं ऑफिस. जपानी लोक त्याला ‘न्यूकान’ म्हणतात. पूर्ण सरकारी नाव लांबलचक आहे आणि ते कुणी घेत नाही. गंमत म्हणजे हे ऑफिस शिनागावा वॉर्डात नाही. ते शेजारच्या मिनातो वॉर्डात, बंदराकडच्या कोनान भागात आहे. शिनागावा स्टेशनसुद्धा मिनातोतच येतं, पण त्यावरून कुणाचं काही अडत नाही. स्टेशनाच्या कोनान बाजूने बाहेर पडलं की ९९ नंबरची सरकारी बस मिळते. तिकीट २१० येन. बस कालव्यांवरून, गोदामांच्या आणि कंटेनरच्या ट्रकांच्या मधून जाते आणि एका थांब्यावर जवळजवळ अख्खी रिकामी होते. थांबा कुठला हे विचारावं लागत नाही, प्लास्टिकच्या फाइली छातीशी धरलेली माणसं उठली की आपणही उठायचं. निशी-कासाईकडची काही मंडळी बसच्या रांगेला कंटाळून रिंकाई लाइनने तेन्नोझु आइल गाठतात आणि तिथून पंधराएक मिनिटं चालतात. पाऊस नसेल तर हाच मार्ग बरा.

गर्दीचं कारण आकड्यात आहे. २०२४ च्या अखेरीस जपानमध्ये ३७ लाखांहून जास्त परदेशी नागरिक राहत होते. तोवरचा हा उच्चांक होता आणि एका वर्षात जवळपास १० टक्क्यांची वाढ होती. सर्वांत जास्त चिनी, मग व्हिएतनामी, कोरियन, फिलिपिनो, नेपाळी. भारतीय या यादीत बरेच खाली आहेत, आणि भारतीयांत मराठी माणसं किती हे कुणी मोजत नाही. पण निशी-कासाई, कासाई, फुनाबोरी, ओजिमा या पट्ट्यात संध्याकाळी बागेत बसलात तर मराठी कानावर पडल्याशिवाय राहत नाही. २००० सालच्या संगणकी ‘वायटूके’ संकटाच्या आगेमागे जे प्रोग्रामर इथे आले, त्यांनी तोझाई लाइनवर ऑफिसला जायला सोयीचं म्हणून हा भाग धरला. मग दुकानं आली, शाळा आली. २०१९ मध्ये तर मूळचे मराठी योगेंद्र पुराणिक एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. त्यांनी जपानी नागरिकत्व घेतलं होतं. नागरिकत्व घेतलं की शिनागावाच्या फेऱ्या कायमच्या संपतात. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणजे निळा पासपोर्ट परत करावा लागतो. ते ज्यांना जमत नाही ते फाइल घेऊन बसमध्ये बसतात.

ऑफिस नऊला उघडतं. रांग त्याच्या आधीच लागलेली असते. सोमवार वाईट, सुट्टीनंतरचा दिवस त्याहून वाईट. मार्च-एप्रिलचं तर बोलायलाच नको, कारण जपानचं शाळा-कॉलेजांचं आणि नोकऱ्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि विद्यार्थ्यांचे हजारो अर्ज तेव्हाच येतात. सकाळी लवकर जावं की दुपारी जेवणानंतर, यावर दोन पंथ आहेत आणि दोन्ही पंथांतले लोक आपापल्या अनुभवाच्या शपथा घेतात. चारला खिडक्या बंद होतात एवढं लक्षात ठेवलं तर दोघांचंही ऐकायला हरकत नाही. माझं मत विचाराल तर महिन्याच्या मध्यातला बुधवार किंवा गुरुवार, आणि सोबत डबा.

आत एकदम नंबर मिळत नाही. आधी एक माणूस तुमचे कागद चाळतो, अर्ज कुठल्या प्रकारचा ते बघतो आणि मग नंबराची चिठ्ठी देतो. अर्ज द्यायची खिडकी वेगळी, नवं रेसिडेन्स कार्ड घ्यायची वेगळी. चुकीच्या रांगेत तास घालवलेली माणसं ओळखू येतात. ती भिंतीवरची पाटी दुसऱ्यांदा वाचत असतात. हॉलमध्ये बाबागाड्या, कंपनीने पाठवलेले सूटवाले, एकमेकांच्या फॉर्मात डोकं घालून बसलेली व्हिएतनामी मुलंमुली. सरकारच्या माहितीपुस्तिका बऱ्याच भाषांत निघतात, त्यात नेपाळीही असते. जपानी अक्षरांच्या गर्दीत अचानक देवनागरी दिसली की मराठी माणूस हरखतो, दोन ओळी वाचतो, आणि आपल्याला अर्धंच कळतंय हे तिसऱ्या ओळीला ध्यानात येतं.

आपल्याकडच्या सरकारी कचेरीची ज्याला सवय आहे त्याला इथे एका गोष्टीची चुटपुट लागते. ओळख काढता येत नाही. तहसील कचेरीत गेलं तर तिथला कारकून आपल्या गावचा निघतो, नाही तर मेव्हण्याच्या गावचा. मग ‘बघू या’ म्हणतो आणि काम पुढे सरकतं. शिनागावाच्या खिडकीवरच्या माणसाला तुमच्याबद्दल राग नसतो, लोभही नसतो. त्याच्यापुढे एक यादी असते. यादीतला कागद आहे किंवा नाही, एवढंच तो पाहतो. निर्णय तर तो घेतच नाही. कागद आत जातात आणि आतला कुणी तरी, तुम्हाला कधीही न दिसणारा, ठरवतो. म्हणून तिथे जाऊन ‘समजावून सांगू’ असं म्हणणाऱ्यांना जुनी माणसं आधीच थांबवतात. जे समजावायचं ते जपानीत लिहून फाइलमध्ये लावायचं.

ओजिमाच्या एका इमारतीत सांगलीकडच्या एक काकू राहतात. नवऱ्याच्या बदलीबरोबर आल्या त्याला बरीच वर्षं झाली. इमारतीतल्या नव्या मुली शिनागावाला निघण्याआधी त्यांच्याकडे फाइल दाखवायला येतात. मी बसलो होतो तेव्हा एक आली. काकूंनी चष्मा लावला आणि एकेक कागद चटईवर मांडला. अर्ज. फोटो ४ बाय ३ सेंटिमीटर. “अगं, फोटोच्या मागे नाव लिहिलंस का? सुटून पडला तर कुणाचा ते त्यांना कसं कळणार?” मुलीने जीभ चावली. पासपोर्ट, रेसिडेन्स कार्ड. लग्नाचा दाखला आणि त्याचं जपानी भाषांतर. “भाषांतर केलं कुणी?” नवऱ्याने. “मग खाली त्याचं नाव नि सही कुठाय?” भाषांतर घरी केलं तरी चालतं, पण करणाऱ्याचं नाव खाली हवं. नवऱ्याच्या नोकरीचा दाखला, त्याच्या कराचे दाखले दोन: किती कर लागला त्याचा एक, भरला त्याचा दुसरा. लोक हमखास एकच आणतात. काकूंनी तारखा बोटावर मोजल्या, तीन महिन्यांच्या आत होत्या. सगळ्याच्या झेरॉक्स काढायला लावल्या आणि मग चहा टाकला.

अवलंबून असलेल्या कुटुंबीयाचा व्हिसा, म्हणजे बहुतेक वेळा बायकोचा, हा इथल्या मराठी वस्तीतला सर्वांत जास्त बोलला जाणारा विषय आहे. पुण्यात आठ वर्षं टेस्टिंग केलेली मुलगी इथे आली की तिला नोकरीची परवानगी वेगळी मागावी लागते, आणि मिळते ती आठवड्याला २८ तासांची. ही परवानगी फुकट आहे, पण अर्ज शिनागावालाच. पूर्णवेळ काम करायचं तर स्वतःच्या नावावर नोकरीचा व्हिसा घ्यावा लागतो. म्हणजे पुन्हा फाइल, पुन्हा नंबर. हे सगळं कळेपर्यंत एक-दोन वर्षं निघून जातात, असं मला तिथल्या तिघी-चौघींनी सांगितलं.

नवऱ्याच्या फाइलची जाडी त्याच्या कंपनीवर ठरते. शेअर बाजारात नोंदलेली बडी कंपनी असेल तर कर्मचाऱ्याला नूतनीकरणासाठी कागद फार थोडे लागतात, कराच्या दाखल्यातूनही सूट मिळते. दहा-पंधरा माणसांच्या कंपनीतल्याला मात्र कंपनीने कर-खात्याला दिलेल्या विवरणापासून सगळं जोडावं लागतं. काम तेच, पगारही कदाचित तोच. कोल्हापूरचा एक तरुण मला म्हणाला, “मोठ्या कंपनीतला मित्र एका पाकिटात जातो, मी पिशवी घेऊन जातो.” शिवाय नोकरी बदलली की १४ दिवसांत कळवायचं असतं. नवी कंपनी आपल्यासाठी ते करेल असं समजून बरेच जण गप्प बसतात. ते काम माणसाचं स्वतःचं आहे, आणि राहून गेलं तर पुढच्या नूतनीकरणात दिसतं.

फीचा व्यवहार मजेशीर आहे. रोकड खिडकीवर घेत नाहीत. महसुली तिकिटं विकत घेऊन कागदावर चिकटवायची, आपल्याकडे स्टॅम्प लावतात तशी. मुदतवाढीची फी वर्षानुवर्षं ४,००० येन होती. १ एप्रिल २०२५ पासून ती ६,००० झाली, कायमच्या वास्तव्याची ८,००० वरून १०,०००. कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे छोट्या दुकानात, तिकिटं मिळतात असं ऐकून लोक तिथे जातात. साध्या कोन्बिनीत बहुधा २०० येनचीच असतात. ६,००० येनांसाठी अशी तीस चिकटवत बसण्यापेक्षा पोस्टात जावं, नाही तर शिनागावाच्याच इमारतीत खाली जे दुकान आहे तिथे घ्यावीत. अर्ज मंजूर झाल्याशिवाय ही फी लागत नाही, हे आपल्या लोकांना पटतच नाही. आधी पैसे न घेणारं सरकारी खातं त्यांनी पाहिलेलं नसतं.

मंजुरीची बातमी पोस्टकार्डाने येते. अर्ज देताना खिडकीवर एक पोस्टकार्ड मिळतं, त्यावर आपलाच पत्ता आपण लिहायचा. काही आठवड्यांनी ते घरच्या पेटीत पडतं. कार्ड आलं की आधी त्यावर किती येनांची तिकिटं आणायला सांगितलीत ते बघतात. आकडा आहे म्हणजे काम झालं. एक वर्ष मिळालं, तीन की पाच, ते मात्र नवं कार्ड हातात आल्यावरच कळतं. पाच वर्षांची मुदत देणं २०१२ च्या जुलैत सुरू झालं, त्याच वेळी आजचं रेसिडेन्स कार्डही आलं. त्याआधी परदेशी माणसाची नोंद नगरपालिकेत व्हायची आणि अनेक वर्षं त्यासाठी बोटाचे ठसे द्यावे लागत. इथेच जन्मलेल्या कोरियन कुटुंबांनी १९८० च्या दशकात त्याविरुद्ध मोठा लढा दिला, ठसे द्यायला नकार दिला, खटले अंगावर घेतले. आज आपण जी कटकट म्हणतो ती त्यांनी सोसलेल्याच्या मानाने काहीच नाही.

आता दिवाळीचा प्रश्न. मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून अर्ज देता येतो. अर्ज दिला की कार्डाच्या मागे शिक्का बसतो, आणि मुदत उलटून गेली तरी निकाल लागेपर्यंत, फार तर आणखी दोन महिने, राहता येतं. याच काळात भारतात जाऊन येता येतं का? येतं. पण ते दोन महिने संपायच्या आत परत येऊन नवं कार्ड हातात घ्यावं लागतं. दिवाळीला घरी जायचं म्हणून ऑक्टोबरात अर्ज देणाऱ्यांनी विमानाचं परतीचं तिकीट या हिशेबाने काढावं. मुदत संपत आली अशी आठवण करून देणारं पत्र सरकारकडून घरी येत नाही. फोनच्या कॅलेंडरवर भरवसा ठेवण्यापेक्षा फ्रिजवर तारीख चिकटवलेली घरं मी पाहिली आहेत, आणि ती शहाणी घरं आहेत.

सगळ्यात किचकट फाइल कायमच्या वास्तव्याची. साधा नियम दहा वर्षांचा, त्यात पाच वर्षं नोकरीच्या व्हिसावर. वय, पदवी, पगार, जपानी भाषेची परीक्षा यांचे गुण मिळून ७० होत असतील तर तीन वर्षांत आणि ८० होत असतील तर एका वर्षात अर्ज करता येतो, असा रस्ता २०१७ पासून आहे. आयटीतल्या बऱ्याच मराठी तरुणांनी तो धरला. सरकार म्हणतं निकालाला चार ते सहा महिने लागतात. टोकियोत वर्ष उलटून गेलेले किती तरी जण भेटतात. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही आपली म्हण इथे सौम्य वाटते.

आणि ही फाइल अडते कुठे? पेन्शनच्या हप्त्यावर. नोकरीत असताना पेन्शन आणि आरोग्यविमा पगारातून कापले जातात, लक्ष द्यावं लागत नाही. नोकरी सोडून पुढची धरेपर्यंत मधे महिना रिकामा गेला, की त्या महिन्याचं राष्ट्रीय पेन्शन आपलं आपण वॉर्ड ऑफिसात नोंदवून भरायचं. २०२५-२६ साठी महिन्याला १७,५१० येन. त्यातही एक बारकावा आहे. ३१ जुलैला नोकरी सोडली तर जुलै कंपनीच्या खात्यात मोजला जातो. ३० जुलैला सोडली तर नाही. एका दिवसाच्या फरकाने तो महिना तुमच्या गळ्यात पडतो, आणि तुम्हाला पत्ता नसतो. हप्ता भरायचं चलन पोस्टाने येतं, जपानीत असतं, जाहिरातींच्या ढिगात जातं. दोन-तीन वर्षांनी अर्ज करताना दोन वर्षांच्या भरण्याचे पुरावे मागतात आणि तो एक हप्ता उशिरा भरलेला दिसतो. भरला होता, पण उशिरा, हे तिथे चालत नाही. वेळेवर भरला होता का, हा प्रश्न आहे. नाशिकच्या एका इंजिनिअरने याच कारणाने नकार आल्यावर दोन वर्षं थांबून पुन्हा अर्ज दिला. तो आता राजीनामा देणाऱ्या प्रत्येक मित्राला आधी तारीख विचारतो. २०२४ मध्ये कायदाही बदलला. कर किंवा विमा मुद्दाम बुडवणाऱ्याचं कायमचं वास्तव्य काढून घेता येईल अशी तरतूद त्यात आहे.

घरबसल्या अर्ज करायची सोय २०२२ पासून आहे. ‘माय नंबर’ हे इथलं आधारसारखं कार्ड हवं, त्याचा पासवर्ड आठवायला हवा. फी ५०० येनने कमी पडते, नवं कार्ड पोस्टानेही मागवता येतं. साध्या नूतनीकरणाला ज्यांना हे जमतं त्यांनी खरंच जाऊ नये. वकिलासारखे परवानाधारक एजंटही आहेत, ते तुमच्या वतीने अर्ज देतात, त्यांचं शुल्क घेतात. तरी हॉल भरलेलाच असतो. बाळ झालं की जन्माची नोंद १४ दिवसांत वॉर्डात आणि ३० दिवसांत व्हिसाचा अर्ज शिनागावाला. ओल्या बाळंतिणीला सांभाळायचं, दूतावासात पासपोर्टचं बघायचं आणि इकडे ही मुदत पळत असते. तेव्हा सोबतीला आई हवी असते. पण आईवडिलांना कायम आणण्याचा व्हिसा जपानमध्ये सर्वसाधारण नोकरदाराला मिळत नाही. उच्च गुणांच्या व्हिसावाल्यांना, घरात सात वर्षांखालचं मूल असेल आणि उत्पन्न ८० लाख येनांच्या वर असेल तर थोडी सवलत आहे. बाकीच्यांच्या आया ९० दिवसांसाठी येतात, डिंकाचे लाडू करून ठेवतात आणि परत जातात.

शिनागावाच्या त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर ज्यांची मुदत संपली किंवा ज्यांना हाकलायचं ठरलं अशांना कोंडून ठेवण्याची जागा आहे. खाली नंबर लागायची वाट पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते माहीत नसतं. नागोयाच्या अशाच कोठडीत ६ मार्च २०२१ रोजी विश्मा संदमाली ही ३३ वर्षांची श्रीलंकन तरुणी आजारी असताना पुरेशा उपचारांविना मरण पावली. शिकायला आलेली, शाळा सुटली, व्हिसा गेला. त्या मृत्यूवरून जपानमध्ये मोठं आंदोलन झालं. फाइलमधला एक कागद कमी पडण्याची भीती कुठून येते, हे मला वरच्या मजल्यांकडे पाहिल्यावर कळलं.

काकूंच्या चटईकडे पुन्हा वळतो, कारण तिथे दिसलेली एक अडचण जपानची नाही, आपली आहे. मराठी नावात मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. पासपोर्टवर ते पहिल्या नावाला जोडून छापलं जातं, रेसिडेन्स कार्डावर तसंच उतरतं. बँकेत जागा पुरली नाही की तुटतं. त्यात मुलीचं लग्न झालेलं असतं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, लग्नाचा दाखला काढताना हौसेने सासरचं नाव घातलेलं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. ही तिन्ही नावं एकाच बाईची आहेत हे जपानी अधिकाऱ्याला आपोआप कळत नाही, आणि त्याने समजून घ्यावं अशी अपेक्षाही धरता येत नाही. मग प्रतिज्ञापत्र, दूतावास, भाषांतर, महिनाभराची धावपळ.

तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे मुहूर्त सुरू होतात. परदेशी राहणाऱ्या मुलाशी किंवा मुलीशी घरात कुणाचं लग्न ठरलं असेल, तर एवढं करा: विवाह नोंदणीच्या फॉर्मात नाव लिहिताना दोघांचे पासपोर्ट समोर उघडून ठेवा, आणि अक्षर न् अक्षर तसंच लिहा.